वाचकांचे प्रश्न : ‘गिल्टी’ म्हणण्याआधी व्हिसाचं विचारा

अमेरिकेत अटक झालेल्या किंवा कोर्टाची तारीख लागलेल्या आपल्या माणसांविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. बहुतेक पत्रांत एकच गैरसमज आहे. फौजदारी कोर्टात जी तडजोड सगळ्यात सौम्य वाटते, ती इमिग्रेशनमध्येही सौम्यच असणार असं धरलं जातं. तसं नसतं, कारण ‘दोषी ठरणं’ याची व्याख्या दोन्हीकडे वेगळी आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एफ-१ व्हिसावर एम.एस. करतो. दुकानातून साधारण ९० डॉलरच्या वस्तू पैसे न देता नेल्याचा आरोप आहे. सरकारी वकील म्हणतात, ‘कंडिशनल डिसमिसल’ घे, वर्षभर नीट वाग, केस निघून जाईल. कोर्टाने दिलेला वकीलही हो म्हणतो. कबूल करून मोकळं व्हावं का? (पालक, कोथरूड)

नाही. निदान एवढ्या घाईने नाही.

न्यू जर्सीच्या कंडिशनल डिसमिसलमध्ये आधी गुन्हा कबूल करावा लागतो, किंवा कोर्टाला दोषी ठरवावं लागतं. निकाल नोंदवला जात नाही. एक वर्ष देखरेख असते आणि अटी पाळल्या की केस खारीज होते. राज्याच्या कायद्यापुरता तुमचा मुलगा निर्दोष राहतो. इमिग्रेशनच्या केंद्रीय कायद्यात मात्र ‘कन्व्हिक्शन’ ठरायला दोनच गोष्टी पुरतात : गुन्ह्याची कबुली, आणि न्यायाधीशाने घातलेलं शिक्षेचं किंवा स्वातंत्र्यावर मर्यादेचं कुठलंही रूप. वर्षभराची देखरेख त्यात बसते. पुढे केस खारीज झाली तरी ती कबुली इमिग्रेशनच्या फायलीत जिवंत राहते. टेक्ससमधल्या ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’चंही (दोषी ठरवणं पुढे ढकलण्याच्या पद्धतीचंही) असंच आहे.

आता यातलं एक विचित्र वळण बघा. वस्तूंची किंमत २०० डॉलरच्या वर गेली असती तर आरोप मोठा झाला असता, पण मग ‘प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन’ (खटल्याआधीचा सुधारणा कार्यक्रम) मागता आलं असतं आणि त्यात बहुतेक प्रकरणांत कबुली द्यावी लागत नाही. म्हणजे मोठ्या आरोपावरचा कार्यक्रम परदेशी नागरिकाला अधिक सुरक्षित! म्हणून कार्यक्रमाच्या नावावर जाऊ नका. डायव्हर्जन, डिसमिसल, डिफर्ड ही नावं राज्याराज्यांत वेगळ्या अर्थाने वापरतात. वकिलाला एवढंच विचारा : ‘यात माझ्या मुलाला कोर्टासमोर गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट म्हणावं लागेल का, किंवा घडलेल्या गोष्टी मान्य कराव्या लागतील का?’ (नो कॉन्टेस्ट म्हणजे गुन्हा मान्य न करता, पण आरोपाशी न लढता शिक्षा स्वीकारणं.) उत्तर हो असेल तर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठायलाच हवा.

घाबरून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. चोरी हा इमिग्रेशनच्या भाषेत सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरतो. (हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या नोकरीच्या नियमांतही आहे.) पण अशा एकाच गुन्ह्यासाठी हद्दपारी लागू व्हायला तो अमेरिकेत प्रवेश केल्यानंतर पाच वर्षांच्या आत घडलेला असावा लागतो आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असावी लागते. २०० डॉलरच्या आतल्या दुकानचोरीला न्यू जर्सीत कमाल सहा महिने आहेत, त्यामुळे हे कलम लागत नाही. टेक्ससमध्ये ७५० डॉलरपासूनच्या चोरीला एक वर्षापर्यंत कैद आहे, तिथे लागू शकतं. नवीन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मागतानाही एक सवलत आहे : असा एकच गुन्हा, कमाल शिक्षा एक वर्षाच्या वर नाही, आणि प्रत्यक्ष सुनावलेली शिक्षा सहा महिन्यांच्या आत. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने ती ९० डॉलरवर खर्च करू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

मग मागायचं काय? पहिल्यांदा, कबुलीशिवाय खारीज : दुकानाचे पैसे भरून, सुधारणेचा वर्ग पूर्ण करून, समाजसेवा करून. ते जमलं नाही तर आरोप बदलून घेणं, उदाहरणार्थ डिसऑर्डरली कंडक्ट, ज्यात चोरीचा हेतू हा घटक नसतो. दंड थोडा जास्त भरावा लागला तरी चालेल. सरकारी वकिलाला अनेकदा याने काही फरक पडत नाही. कुणी मागितलेलं नसतं म्हणून मिळालेलं नसतं.

एक इशारा मात्र हवा. नुसत्या अटकेचेही परिणाम असतात. पोलीस ठाण्यात घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत इमिग्रेशन खात्याकडे जातात. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ (सरकारच्या परदेशी विद्यार्थी नोंदप्रणालीतल्या) नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. त्यांतल्या अनेकांच्या नावावर केवळ किरकोळ अटक किंवा खारीज झालेली केस होती. कोर्टात दावे झाल्यावर महिनाअखेर नोंदी पूर्ववत करण्यात आल्या. मुलाला सांगा, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलण्याआधी वकिलाशी बोल, आणि केस संपेपर्यंत दिवाळीसाठी भारतात येण्याचं तिकीट काढू नकोस.

प्रश्न : ग्रीन कार्ड २००६ पासून आहे. २०१३ मध्ये सॅन होजेला अमली पदार्थ जवळ बाळगल्याची केस झाली. वकिलाच्या सांगण्यावरून गिल्टी म्हटलं, कोर्स पूर्ण केला, केस खारीज झाली. ‘रेकॉर्ड साफ’ असं तेव्हा सांगितलं गेलं. आता नागरिकत्वाचा अर्ज भरू का? (वाचक, कॅलिफोर्निया)

अर्ज थांबवा, आणि देशाबाहेरचा प्रवासही. तुमची तेव्हाची कबुली इमिग्रेशनसाठी आजही कन्व्हिक्शन आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला पाच वर्षांची अट नाही, छोट्या शिक्षेची सवलत नाही. हद्दपारीच्या कलमात अपवाद एकच : स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच प्रसंग. नागरिकत्वाचा अर्ज भरला की ठसे घेतले जातात, फाइल उघडते आणि अर्जदाराचा हद्दपारीच्या कोर्टातला प्रतिवादी होऊ शकतो. परतीच्या विमानतळावरही तेच.

तुमच्या बाबतीत मात्र नेमका उपाय आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत २०१६ पासून कलम १२०३.४३ आलं. १ जानेवारी १९९७ नंतर ज्यांनी कबुली देऊन हा ड्रग डायव्हर्जन कार्यक्रम पूर्ण केला, त्यांना कबुली मागे घेता येते. ‘याचे काही परिणाम राहणार नाहीत’ ही तेव्हा दिलेली माहितीच चुकीची होती, हे कायद्याने मान्य केलं आहे. (२०१८ पासून त्या कार्यक्रमात कबुली घेणंच बंद झालं.) हा फरक समजून घ्या. चांगल्या वागणुकीबद्दल रेकॉर्ड पुसलं, म्हणजे एक्सपंजमेंट झालं, तर इमिग्रेशन खातं ते जमेत धरत नाही. मूळ कबुलीतच कायदेशीर दोष होता म्हणून ती रद्द झाली तर धरतं. अर्ज करताना न्यायाधीशाच्या आदेशात नेमकं कारण लिहून घ्या. ‘मानवतेच्या दृष्टीने’ किंवा ‘हद्दपारी टळावी म्हणून’ असे शब्द आले की तो आदेश इमिग्रेशनमध्ये निरुपयोगी ठरू शकतो.

‘वकिलाने सांगायला नको होतं का?’ असंही तुम्ही विचारलंय. हवं होतं, आणि तो तुमचा घटनात्मक हक्क होता. ३१ मार्च २०१० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात हे ठरवलं. होजे पडिया हे मूळ होंडुरासचे, चाळीस वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डवर, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेले, ट्रकचालक. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहात, इमिग्रेशनची काळजी नको. कबुली दिली आणि हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. न्यायालयाने सांगितलं, परिणाम कायद्यात स्पष्ट असेल तर वकिलाने स्पष्ट सांगायचं, स्पष्ट नसेल तर धोका असू शकतो एवढं तरी सांगायचंच. गप्प राहणं हीसुद्धा चूक. २०१३ च्या चैडेझ निकालामुळे हा नियम पडियाच्या निकालापूर्वीच संपलेल्या खटल्यांना लागू होत नाही. तुमची केस नंतरची आहे.

कॅलिफोर्नियात याहून पुढची पायरी आहे. २०१६ पासून बचावाच्या वकिलाने अचूक सल्ला देणं आणि सरकारी वकिलाने तडजोड करताना इमिग्रेशनचे परिणाम विचारात घेणं, दोन्ही कायद्यात लिहिलेलं आहे. शिक्षा भोगून झालेल्यांनाही कलम १४७३.७ खाली २०१७ पासून जुनी कबुली रद्द करून मागता येते. न्यायाधीश कबुलीच्या वेळी ‘नागरिक नसाल तर हद्दपारी, प्रवेशबंदी किंवा नागरिकत्व नाकारलं जाणं असे परिणाम होऊ शकतात’ हे वाक्य वाचतात. ते वाचलं म्हणून वकिलाची जबाबदारी संपत नाही. ते वाक्य सगळ्यांना सारखंच वाचलं जातं. तुमच्या कलमाचा परिणाम त्यात नसतो.

इथेच एक सवय लावून घ्या, केस कुठलीही असो : वकिलाला इमिग्रेशनचा प्रश्न ईमेलने विचारा. कोर्टाच्या व्हरांड्यात विचारलेल्या प्रश्नाला पुरावा नसतो. २०१७ च्या ली विरुद्ध अमेरिका या खटल्यात जे ली जिंकले, कारण त्यांनी वकिलाला पुन्हापुन्हा हद्दपारीविषयी विचारलं होतं आणि न्यायाधीशाने विचारल्यावरही, याचा माझ्या निर्णयावर परिणाम होतो, असं सांगितल्याची नोंद होती. ईमेलमध्ये लिहा : माझा व्हिसाचा प्रकार, पहिल्या आणि शेवटच्या प्रवेशाची तारीख, याआधीची कुठलीही अटक, ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय. आणि विचारा : या कलमाने मी हद्दपारीला पात्र होतो का, बाहेर जाऊन परत येऊ शकतो का, व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व यांपैकी काय अडेल?

प्रश्न : भांडणात नवऱ्याने मला थोबाडीत मारली. शेजाऱ्यांनी ९११ लावला. तो एच-१बी (नोकरीचा व्हिसा), मी एच-४ (त्याच्यावर अवलंबून असलेला). कोर्टाने त्याला माझ्याशी बोलायला बंदी केलीय. मला केस मागे घ्यायचीय, नाहीतर दोघांनाही परत जावं लागेल. (वाचक, फ्रीमाँट)

आधी तुमच्याविषयी. मारहाण पहिल्यांदाच झाली असेल किंवा नसेल, तुम्हाला स्वतःचा वेगळा वकील हवा. नवऱ्याच्या वकिलाचं काम नवऱ्याला वाचवणं आहे. बे एरियात ‘मैत्री’ आणि ‘नारिका’ या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्याशी बोलल्याने केस वाढत नाही. एच-४ त्याच्यावर अवलंबून असला तरी गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसासारखे मार्ग आहेत, ते तुमच्या वकिलाकडून समजून घ्या.

केस मागे घेणं तुमच्या हातात नाही. फिर्यादी सरकार आहे. तुमचं म्हणणं सरकारी वकील ऐकतील, निर्णय तेच घेतील.

सगळ्यात मोठी चूक इथे फोनची होते. बंदी असताना ‘कशी आहेस, जेवलीस का’ एवढा मेसेज जरी त्याने केला, तरी तो संरक्षण आदेशाचा भंग आहे. असा भंग हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे आणि त्यासाठी गुन्हा सिद्धही व्हावा लागत नाही. हिंसेपासून संरक्षण देणारा आदेश मोडला, असं कोर्टाने नोंदवणं पुरतं. तुम्ही आधी फोन केलात म्हणून त्याचा भंग माफ होत नाही. भेटायचंच असेल तर न्यायाधीशाकडे अर्ज करून आदेश ‘शांततापूर्ण संपर्का’पुरता बदलून घ्यावा लागतो.

त्याच्या वकिलाने कलमाकडे बघायला हवं. तीच थोबाडीत कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या कलम २७३.५ (जोडीदाराला इजा करणारी मारहाण) खाली कबूल केली तर ती कौटुंबिक हिंसेचा गुन्हा म्हणून हद्दपारीला पात्र, मग अमेरिकेत येऊन एक वर्ष झालेलं असो की पंधरा. कलम २४३(ई)(१) (जोडीदारावर साधा बलप्रयोग) खाली कबूल केली तर वेगळं होतं, कारण त्यात नकोसा स्पर्शही बसतो. इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २००६ मध्ये तो गुन्हा आपोआप हिंसेचा किंवा नैतिक अधःपतनाचा ठरत नाही असं म्हटलं आहे. दोन्हींत प्रोबेशन आणि ५२ आठवड्यांचा वर्ग साधारण सारखाच असतो. कबुलीचा पाया म्हणून पोलीस अहवाल मान्य करू नये. तो मान्य केला की त्यातला प्रत्येक शब्द कोर्टाच्या नोंदीत येतो. शिक्षेचे दिवसही मोजा : निलंबित शिक्षासुद्धा पूर्ण धरली जाते, आणि हिंसेच्या गुन्ह्यात ३६४ आणि ३६५ दिवसांमधल्या एका दिवसाने तो ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ होतो. हा इमिग्रेशन कायद्यातला सगळ्यात गंभीर गुन्ह्यांचा वर्ग. नाव फेलनी (गंभीर गुन्हा) असलं तरी राज्याने ज्याला मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) म्हटलंय तो गुन्हाही त्यात बसू शकतो.

प्रश्न : डॅलसला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. केस चालू आहे, तरी व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल आला. नोकरी सोडावी लागेल का? (एच-१बीधारक)

बहुधा नाही. पासपोर्टवरचा व्हिसा हा प्रवेशाचा परवाना आहे. राहण्याचा आणि कामाचा आधार आय-९४ (प्रवेशाच्या वेळी होणारी, कधीपर्यंत राहता येईल ती नोंद) आणि मंजूर अर्ज हा असतो. अशी व्हिसारद्दी सहसा देश सोडल्यावर लागू होते. पाच वर्षांतल्या अशा अटकेवर परराष्ट्र खातं दोषसिद्धीची वाट न पाहता व्हिसा रद्द करू शकतं. बाहेर पडलात की नवा व्हिसा लागेल आणि त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी होते. त्याला वेळ लागतो, म्हणून लग्नाच्या तारखेला जोडून प्रवास ठरवू नका.

साधी पहिली केस हद्दपारीचं कारण सहसा ठरत नाही. २००४ च्या लिओकाल निकालाने दारूच्या नशेतलं वाहन चालवणं हा हेतुपूर्वक हिंसेचा गुन्हा नाही असं ठरवलं. गाडीत मूल असेल, परवाना आधीच निलंबित असेल किंवा अमली पदार्थ सापडले असतील तर गणित बदलतं. दुसऱ्यांदा असं झालं तर नागरिकत्वाच्या वेळी चारित्र्य चांगलं नाही असं गृहीत धरलं जातं. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली का’ याला ‘हो’ लिहा, केस खारीज झाली असली तरी. दारूची केस कालांतराने मागे पडते, खोटं उत्तर कायमचं अडवू शकतं.

आणि कोर्टाच्या शिक्क्याच्या प्रती आत्ताच घ्या : आरोपपत्र, अंतिम निकाल, दंड भरल्याची पावती, प्रत्येकी दोन-तीन. रेकॉर्ड पुसल्यानंतर कोर्ट ‘अशी नोंद नाही’ म्हणतं आणि व्हिसा अधिकारी कागद मागत राहतो.

प्रश्न : आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलीय, वय ६६. सेल्फ चेकआउटला दोन वस्तू स्कॅन झाल्या नाहीत. कोर्टाने फोनवर हिंदी दुभाषी दिला. आईला हिंदी जेमतेम कळतं. मी भाषांतर केलं तर चालेल ना? (मुलगी, नॉर्थ कॅरोलायना)

तुम्ही करू नका आणि हिंदीवर भागवूही नका. आपली वडीलधारी माणसं ऐकतोय हे दाखवायला ‘हो, हो’ म्हणतात, मान हलवतात. कोर्टात न्यायाधीश विचारतात, ‘हक्क सोडताय हे समजलं का? कुणी दबाव आणला का?’ आणि प्रत्येक ‘हो’ची नोंद होते. ‘नो कॉन्टेस्ट’चं भाषांतर कुणी ‘माझी काही तक्रार नाही’ असं केलं तर आई आनंदाने हो म्हणेल. इमिग्रेशनसाठी ती कबुलीच आहे.

तारखेच्या आधी वकिलामार्फत लेखी मराठी दुभाषी मागा. प्रत्यक्ष मिळाला नाही तर फोनवर किंवा व्हिडिओवर मिळतो. मिळेपर्यंत तारीख पुढे मागता येते. सुरुवातीला दुभाष्याने दोन वाक्यं बोलून दाखवावीत आणि आईने ती आपल्या शब्दांत सांगावीत. नाही जुळलं तर वकिलाने तिथेच हरकत नोंदवावी.

आय-९४ ची तारीख बघा. केस त्यापुढे जाणार असेल तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज जायला हवा. केस अर्धवट सोडून आईला विमानात बसवू नका. वॉरंट निघतं आणि पुढचा व्हिसा त्यावर अडतो. वकिलाला विचारा, आईच्या गैरहजेरीत केस निकाली निघू शकेल का.

प्रश्न : अटकेनंतर भारतीय वाणिज्य दूतावास काय करू शकतो? (वाचक, ठाणे)

व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाला, ‘तुमच्या दूतावासाला कळवायचं का’, हे विनाविलंब विचारायला हवं. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो याच कलमावर, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने भारताच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत भारतीयांच्या बाबतीत कळवणं आपोआप होत नाही. अटकेतल्या माणसाने हो म्हणावं लागतं. दूतावास भेट घेऊ शकतो, घरी कळवू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो. कोर्टात बाजू मांडू शकत नाही, जामीन भरत नाही. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुरुंगातून माणूस इमिग्रेशनच्या ताब्यात गेला तर ‘आइस’च्या (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याच्या) ऑनलाइन शोधात ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश टाकून तो कुठे आहे ते कळतं. ए-नंबर नसेल तर नाव टाकावं लागतं, आणि तिथे आपली नावं घोटाळा करतात : कुठे वडिलांचं नाव मधलं म्हणून जातं, कुठे पहिल्या नावालाच जोडलं जातं. पासपोर्टवरच्या स्पेलिंगने सुरुवात करा, मग वडिलांचं नाव काढून बघा, मग जोडून.